एक नंबर, एक तारीख: बॉक्समधल्या मॉडेलला आपलं करताना

मॉडेल रेल्वेच्या डिटेलिंगचा (बारीकसारीक भाग, रंग, मळ खऱ्यासारखे करण्याचा) विषय निघाला की बोलणं लगेच सुपरग्लू कुठला, एअरब्रश कुठला, पावडर कुठली यावर जातं, आणि त्या सगळ्यावर मी पण खाली भरपूर लिहिणार आहे, पण माझं ठाम मत आहे की त्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला लागते आणि ती ठरली नाही तर हात कितीही साफ असला तरी मॉडेल अधांतरी राहतं. ती गोष्ट म्हणजे नंबर आणि तारीख. नक्की कुठलं इंजिन, आणि नक्की कधीचं.

बॉक्समधनं येतं ते एका क्लासचं, म्हणजे एकाच ड्रॉइंगवरनं बनलेल्या इंजिनांच्या गटाचं मॉडेल. कंपनीनं ड्रॉइंग मिळवली, एखाद-दुसरं शिल्लक इंजिन मोजलं आणि सगळ्यांना चालेल असा साचा काढला. त्यात काही चूक नाही, हल्लीची मॉडेल्स तर फारच सुंदर येतात. पण रुळावरची खरी इंजिनं क्लासची नसतात, नंबराची असतात. एकाच ड्रॉइंगवरनं बनलेली इंजिनं पहिल्या दिवशी सारखी असतील, पण पुढच्या वीस-तीस वर्षांत प्रत्येक इंजिन वेगवेगळ्या वेळी वर्कशॉपला गेलेलं असतं, आणि वाफेच्या जमान्यात तर एकाचा बॉयलर काढून दुसऱ्याला चढवायची सर्रास पद्धत होती, कारण बॉयलरच्या दुरुस्तीला बाकी इंजिनापेक्षा जास्त वेळ लागायचा, मग तयार असलेला बॉयलर बसवून इंजिन पुन्हा लाईनीवर पाठवायचे. त्यामुळे एकाच क्लासमधे एकाचा डोम (बॉयलरवरचा घुमट) पुढे, दुसऱ्याचा मागे, कुणाचं धुरांडं आखूड, कुणाच्या टेंडरला (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याला) वेल्डिंग तर कुणाच्या टेंडरला रिव्हेट. डिझेलला पण तेच, इथे जास्तीचा दिवा, तिथे बुजवलेली खिडकी, एका बाजूची शिडी काढून टाकलेली, मधेच एक दार दुसऱ्याच इंजिनाचं आणून लावलेलं आणि त्याचा रंग जरा वेगळा.

तारीख यासाठी की तेच इंजिन वर्कशॉपमधनं बाहेर पडल्यावर पंधरा दिवसांत वेगळं दिसतं आणि मोडीत निघायच्या आधीच्या हिवाळ्यात वेगळं. रंगसंगती बदलते, बोधचिन्ह बदलतं, व्हॅक्यूम ब्रेकच्या जागी एअर ब्रेक आले की बफर बीमवरचे (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीवरचे) पाईप बदलतात. एकदा का नंबर आणि तारीख मुक्रर झाली की पुढचे सगळे प्रश्न आपोआप सुटत जातात, हा पाईप लावू का, गंज किती दाखवू, काच स्वच्छ का धुरकट, याचं उत्तर फोटोत असतं. आपल्याला काय आवडतं हा प्रश्नच उरत नाही आणि मला ती मोकळीक फार आवडते.

म्हणून पहिलं काम फोटो गोळा करणं. त्याच नंबराचे, शक्य तितके त्या तारखेच्या जवळचे, आणि दोन्ही बाजूंचे, कारण डावी-उजवी बाजू सारखी कधीच नसते, पंप एकीकडे असतो, रिव्हर्सरचा दांडा दुसरीकडे. सगळ्यात अवघड मिळतात ते छताचे फोटो. लोक फलाटावर उभं राहून फोटो काढतात त्यामुळे बाजू भरपूर दिसते, आणि आपण मात्र लेआउटकडे (रूळ, स्टेशन, देखावा यांच्या मांडणीकडे) वरनं बघतो! म्हणजे जो भाग फोटोत सगळ्यात कमी तोच मॉडेलमधे सगळ्यात जास्त डोळ्यासमोर. पादचारी पुलावरनं काढलेला एक जुना फोटो मिळाला तर तो मला बाजूनं काढलेल्या दहा फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो. पंख्याच्या जाळ्या, एक्झॉस्टचं तोंड, छतावरचे व्हेंटिलेटर, पत्र्याचे सांधे, काजळी नक्की कुठपर्यंत पसरलीये, हे सगळं तिथेच कळतं.

आता थोडं गणित, कारण डिटेलिंगमधे नजरेपेक्षा गणित जास्त उपयोगी पडतं. मी एचओ स्केलमधे काम करतो, म्हणजे १:८७. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्यात ८७ मिलिमीटर, जवळपास ९ सेंटीमीटर. खरा हँडरेल हातात धरता येईल असा, साधारण २५ ते ३० मिलिमीटर जाड असतो, म्हणजे मॉडेलवर तो ०.३ ते ०.३५ मिलिमीटरचा हवा. जुन्या किंवा स्वस्त मॉडेलवर बॉडीलाच ओतलेला जो उंचवटा असतो तो सहज ०.७ मिलिमीटरचा असतो, त्याचे खऱ्यात ६ सेंटीमीटर होतात, म्हणजे माणसाच्या मनगटाएवढा दांडा! एन स्केलला तर १:१६० धरलं की तोच हँडरेल ०.२ च्या खाली जातो, तिथे खरी जाडी पाळणं जवळजवळ अशक्य, मग तिथे पातळ तार लावायची आणि रंग गडद ठेवून ती डोळ्याला अजून बारीक भासवायची.

दुसरं गणित अंतराचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेआउटच्या कडेला उभं राहून साठ सेंटीमीटरवरनं मॉडेल बघणं म्हणजे खरं इंजिन ५२ मीटरवरनं बघण्यासारखं आहे. आता पन्नास मीटरवरनं इंजिन बघा कधीतरी. रिव्हेट सुटे सुटे दिसत नाहीत, काळा रंग काळा दिसत नाही तर करडा दिसतो, लाल जरा विटका दिसतो, पण सावल्या, छिद्रं, कडा आणि बारीक मोकळ्या दांड्या मात्र लख्ख दिसतात, दांडी आणि बॉडी यांच्या मधली फट दिसते. म्हणजे कशावर वेळ घालवायचा ते ठरलं. मधे उजेड जाईल अशा मोकळ्या वस्तू आधी (हँडरेल, पायऱ्या, पाईप, जाळ्या), रिव्हेट मागनं. आणि बाटलीतला शुद्ध काळा रंग इंजिनाला कधीच मारायचा नाही, त्यात थोडा करडा, थोडा तपकिरी मिसळायचाच. शुद्ध काळ्यावर सावली पडली तरी दिसणार कशी, आणि सावली दिसली नाही की सगळं काम वाया.

लेआउटची उंची पण यात येते. टेबलाच्या उंचीवर लेआउट असेल तर छप्पर आणि टेंडरमधला कोळसा महत्त्वाचा, छातीच्या उंचीवर असेल तर अंडरफ्रेम (गाडीखालचा सांगाडा), ब्रेकची लिंकेज, बॅटरी बॉक्स, एअरच्या टाक्या सगळं डोळ्यासमोर येतं. माझा लेआउट बऱ्यापैकी उंच आहे म्हणून मी अंडरफ्रेमला वेळ देतो, तुमचा खाली असेल तर तो वेळ छताला द्या.

हँडरेल बदलणं हे मला यातलं सगळ्यात समाधानाचं काम वाटतं, म्हणून जरा सविस्तर. आधी ओतलेला दांडा कापायचा. त्याला पटाशीसारखं सपाट टोकाचं पातं घ्यायचं, बॉडीशी अगदी आडवं धरायचं आणि एका घावात न काढता पापुद्रे काढत जायचं, शेवटचा एक दशांश मिलिमीटर पात्यानं काढूच नये, तो पॉलिश पेपरनं, ६०० मग १००० मग २०००, पाणी लावून. पेपर लावताना आजूबाजूच्या रिव्हेटवर मास्किंग टेपचे दोन थर लावून ठेवायचे म्हणजे ते वाचतात. मग भोकं. पिन व्हाइसमधे (बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलच्या दांड्यात) ०.३५ चं ड्रिल, आणि भोक पाडायच्या आधी सुईच्या टोकानं एक खूण, नाहीतर ड्रिल घसरतं आणि ओरखडा राहतो. दोन्ही बाजूंना सारखी भोकं यायला पाहिजेत म्हणून पातळ पितळी पत्र्याची एक टेम्प्लेट करायची, तिला आधी भोकं पाडून मग ती बॉडीवर टेपनं चिकटवून त्यातनं ड्रिल करायचं, दुसऱ्या बाजूला तीच उलटी करून. तार मी फॉस्फर ब्रॉन्झची वापरतो. पितळेची तार वाकवायला सोपी आहे पण धक्का लागला की वाकलेलीच राहते, फॉस्फर ब्रॉन्झ परत सरळ होते, आणि लेआउटवरचं मॉडेल शोकेसमधल्या मॉडेलसारखं निवांत बसत नाही, ते उचललं जातं, ठेवलं जातं, साफ होतं. तार भोकात घालताना तार आणि बॉडी यांच्या मधे योग्य जाडीची प्लॅस्टिकची पट्टी सरकवून ठेवायची, सगळीकडे अंतर एकसारखं राहतं, मग आतल्या बाजूनं सुपरग्लूचा एक कण. बाहेरनं गोंद लावायचाच नाही.

गोंदाचं पण एक सांगतो. सुपरग्लू वाळताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा धुरकटपणा येतो, म्हणून खिडक्यांच्या जवळ तो बाटलीसकट लांब ठेवायचा. काचा बसवायला पांढरा पीव्हीए (साधा लाकडाचा गोंद) किंवा कॅनॉपी ग्लू, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्त झाला तर ओल्या कापसानं पुसता येतो. स्टायरीन प्लॅस्टिकला स्टायरीन जोडायचं असेल तर पातळ सॉल्व्हंट सिमेंट, ते प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं, पण रेलिंगसाठी वापरतात त्या लवचिक ॲसिटल किंवा नायलॉनला ते काहीही करत नाही आणि त्या प्लॅस्टिकवर रंगही नीट बसत नाही. तसली रेलिंग असतील तर मी ती काढून तारेची करतो, दर सहा महिन्यांनी उडालेला रंग परत लावण्यापेक्षा ते बरं.

जुन्या बॉडीवर नवीन भाग किती लावायचे याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा वळण ठरवतं. ४५७ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर बोगी (खालची चाकांची फिरती चौकट) किती फिरते ते आधी बघा, मग बोगीच्या मागे पायरी लावा. बफर बीमवरचे पाईप फार सुंदर दिसतात पण कपलर (डबे जोडायचा आकडा) जिथे डावी-उजवीकडे हलतो तिथेच ते येतात, म्हणून ज्या टोकाला डबे जोडायचे ते टोक साधं आणि दुसऱ्या टोकाला सगळे पाईप, साखळी, हुक असं मी करतो. इंजिन नेहमी एकाच तोंडानं गाडी ओढत असलं तर त्याचं दुसरं तोंड बहुतेक वेळ मोकळंच दिसतं, त्यामुळे यात काही गमावतोय असं वाटत नाही.

कारण शेवटी गाडी चालली पाहिजे. मी कुठलंही मॉडेल रंगवायला घ्यायच्या आधी ते चालायला नीट करतो, आणि यात माझं कुणाशी जमत नाही कारण बरेच जण आधी सजवतात. रंग झाल्यावर चाकं काढायची, कपलरसाठी बॉडी कापायची म्हणजे सगळ्या कामावर पाणी. त्यामुळे आधी चाकं. प्लॅस्टिकची असतील तर धातूची घालायची, प्लॅस्टिकच्या चाकांवर मळ फार साठतो आणि तोच मळ रुळांवर पसरतो. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास आहे ना ते गेजनं तपासायचं, पॉइंटवर (एका रुळावरनं दुसऱ्यावर जायच्या सांध्यावर) उड्या मारणाऱ्या वाघिणींचं (मालडब्यांचं) दुखणं बऱ्याचदा तिथेच असतं. मग वजन. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची, १९३५ साली स्थापन झालेली संस्था आहे ही, एचओसाठी शिफारस अशी आहे की सुरुवातीला १ औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे सहा इंच लांबीच्या वाघिणीला ४ औंस, साधारण ११३ ग्रॅम. तंतोतंत पाळायची गरज नाही पण सगळ्या रेकमधे (जोडलेल्या डब्यांच्या रांगेत) वजनाचं प्रमाण एकसारखं हवं, नाहीतर मधली हलकी वाघीण वळणावर आत ओढली जाऊन पडते. वजन जितकं खाली बसेल तितकं चांगलं. आणि शिशाचे छर्रे बंद जागेत पीव्हीएनं चिकटवायचे नाहीत, हे ज्याला ज्याला भेटतो त्याला सांगतो, शिसं आणि पीव्हीए यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, ते फुगतं आणि काही वर्षांनी बॉयलर किंवा टाकी आतनं फुटते. शिशाला इपॉक्सी वापरा, आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

कपलर हा ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय आहे. बॉक्समधनं येणारे मोठे लूपवाले कपलर दोन डब्यांमधे एवढं अंतर ठेवतात की सुंदर रेक पण खेळण्यातली वाटते. एनईएम ३६२ खाच (कपलर बसवायची युरोपीय प्रमाण खाच) असेल तर काम दोन मिनिटांचं, केडी कंपनीचे १७, १८, १९ आणि २० नंबरचे कपलर त्याच खाचेत बसतात, लांबी कमी-जास्त एवढाच फरक, तुमच्या वळणाला झेपेल तेवढा आखूड घ्यायचा. खाच नसेल तर प्लॅस्टिकची पट्टी लावून उंची जुळवायची आणि हाइट गेजवर प्रत्येक वाघीण तपासायची. पॅसेंजर डब्यांच्या मधे काळ्या कागदाची घडी घालून भात्यासारखा गँगवे केला की डब्यांमधून पलीकडचं दिसणं बंद होतं, एवढ्या कमी मेहनतीत एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

नंबर बदलणं. छापलेला नंबर काढायला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इनॅमल थिनर, पण कुठल्या मॉडेलची शाई कशानं निघते आणि खालचा रंग कशानं निघतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून बॉडीच्या आतल्या कडेला आधी बघून घ्यायचं. हळूहळू, गोल गोल, घाई नाही. मग त्या जागेवर ग्लॉस वार्निश, आणि ग्लॉसवरच डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र). मॅट पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो, त्यात डिकलच्या खाली हवा अडकते आणि कोनातनं बघितलं की चंदेरी चमक येते. डिकल नंबराच्या अगदी कडेनं कापायचं, जागेवर सरकवायचं, पाणी टिपून घ्यायचं आणि सॉफ्टनिंग सोल्यूशन लावून हात लावायचा नाही! ते आधी सुरकुततं, बघून जीव घाबरतो, पण वाळताना रिव्हेटवर आणि पत्र्याच्या सांध्यात घट्ट बसतं. एखादा बुडबुडा राहिला तर सुईनं टोचून परत एक थेंब. शेवटी वरनं मॅट किंवा सॅटिन वार्निश, मग नंबर छापल्यासारखा दिसतो.

दिव्यांबद्दल थोडक्यात. डीसीसी म्हणजे रुळांमधनंच डिजिटल हुकूम पाठवायची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे ते हुकूम वाचणारी इंजिनातली चिप; तिच्या तारांचे रंग ठरलेले आहेत, लाल आणि काळी रुळांकडनं, नारिंगी आणि करडी मोटरला, निळी म्हणजे कॉमन पॉझिटिव्ह, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. जुन्या मॉडेलमधे बसवताना मोटरचे ब्रश (मोटरला वीज देणारे कार्बनचे तुकडे) चासीपासून पूर्ण वेगळे झालेत ना ते मीटरनं बघायचं, नाहीतर डिकोडर पहिल्याच मिनिटाला जातो. दिव्यासाठी ०६०३ साईझचा एलईडी घ्या, १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो, छोट्या मार्कर लॅम्पमधे पण मावतो. १ किलोओहमचा रेझिस्टर सगळे लावतात पण मला तो उजेड फार वाटतो, जुन्या काळच्या इंजिनाचा हेडलाइट असा भगभगीत नसायचाच, मी ४.७ ते १० किलोओहमपर्यंत जातो आणि वॉर्म व्हाइटच वापरतो. डब्यात दिवे लावणार असाल तर बॉडीच्या आतनं आधी काळा आणि मग त्यावर फिकट रंग मारा, म्हणजे भिंतीतनं उजेड झिरपत नाही. आणि दिवे लावले की आतल्या रिकाम्या सीट दिसतात, तेव्हा माणसं बसवावी लागतात, हे आधीच धरून चला.

आता वेदरिंग, म्हणजे मॉडेल मुद्दाम मळकं, वापरलेलं दिसेल असं करणं. याला लोक घाबरतात, नवीन महाग मॉडेलवर मळका रंग मारायला धीर होत नाही हे मला समजतं, पण लेआउटवरची गाडी वेदर केल्याशिवाय देखाव्यात मिसळतच नाही, खडी, फलाट, झाडं सगळं मॅट आणि त्यात एक चकचकीत प्लॅस्टिक फिरतंय हे डोळ्याला खुपतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचे जॉन ॲलन हे पेशानं फोटोग्राफर, त्यांच्या गोरी अँड डिफीटेड (Gorre & Daphetid) लेआउटचे फोटो मासिकांमधनं यायला लागले आणि गंजलेली, धुळकट, वापरलेली रेल्वे मॉडेलमधे किती खरी दिसते ते जगभरच्या लोकांना कळलं. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि थोड्याच दिवसांत तो लेआउट आगीत जळाला, उरले ते फोटो. ते फोटो आजही बघण्यासारखे आहेत, मुख्य म्हणजे त्यात मळ कुठे आहे यापेक्षा कुठे नाहीये ते बघा.

कारण मळ सगळीकडे सारखा नसतो, प्रत्येक डागाला कारण असतं. चाकांच्या आसपास आणि अंडरफ्रेमवर जो तपकिरी थर असतो तो गंज नाही, ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासून उडणारी लोखंडाची धूळ आहे ती, म्हणून ती खाली दाट आणि वर जाताना विरळ होत जाते. छतावर काजळी, आणि ती पण धुरांड्याच्या किंवा एक्झॉस्टच्या मागच्या बाजूला लांबट पसरलेली. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बॉयलर धुवायच्या प्लगांच्या खाली पांढरे ओघळ, ते पाण्यातल्या क्षारांचे. कनेक्टिंग रॉडच्या सांध्यांवर तेल, तिथे गडद आणि चकचकीत, हीच एक जागा जिथे मी मुद्दाम ग्लॉस लावतो. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली सांडलेल्या इंधनाचा ओला डाग. टँक वाघिणीवर वरच्या झाकणापासनं खाली आलेले ओघळ, आत काय भरतात त्याप्रमाणे त्यांचा रंग. कोळशाच्या वाघिणीची आतली बाजू घासून घासून रंग गेलेली, बाहेर गंजाच्या पट्ट्या. आणि माणसाचा हात जिथे रोज लागतो, दाराची मूठ, हँडरेल, केबिनची पायरी, तिथे मळ बसत नाही, ती जागा घासून गुळगुळीत झालेली असते. नंबराच्या भोवती फडकं मारून तेवढाच भाग स्वच्छ ठेवलेलं इंजिन जुन्या फोटोंमधे सारखं दिसतं, ते मॉडेलवर केलं की मॉडेलला एकदम गाव-ठिकाण मिळतं.

करायचं कसं, तर माझा क्रम असा. सगळ्यात आधी पिन वॉश, पातळ गडद तपकिरी इनॅमल किंवा ऑइल कलर बारीक ब्रशनं फक्त सांध्यांत आणि कोपऱ्यांत सोडायचा. खालचा रंग ॲक्रिलिकचा असेल तर वरचं इनॅमल थिनर त्याला विरघळवत नाही, म्हणून हे बिनधास्त करता येतं, मनासारखं नाही झालं तर पुसून टाकायचं. त्यानंतर ओघळ. चित्रकारांचे ऑइल कलर घ्या, बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना एवढे दोन खूप झाले, टोकदार ब्रशनं जिथे पाणी साठतं तिथे एक बारीक ठिपका, दहा मिनिटं थांबायचं, मग थिनरमधे बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरनं खाली एकदा ओढायचा. वरनं खालीच, पाणी आडवं वाहत नाही. एअरब्रश नंतर, अंडरफ्रेम आणि बॉडीच्या खालच्या कडेला रुळांच्या धुळीच्या रंगाचा अगदी पातळ फवारा, रंग इतका पातळ की पहिल्या हाताला काही झालंय असं वाटतच नाही, १५ ते २० पीएसआय दाब, आणि मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून. फवारताना चाकं फिरवत राहायची म्हणजे स्पोकच्या मागे कोरडी जागा राहत नाही, आणि झाल्या झाल्या चाकाचा रुळाला टेकणारा भाग थिनरनं स्वच्छ पुसायचा, वीज तिथनंच येते. पावडर सगळ्यात शेवटी, छतावर काजळी आणि अंडरफ्रेमवर गंज, मऊ ब्रशनं दाबून. पावडरवर वार्निश मारलं की निम्मी गायब झाल्यासारखी वाटते, म्हणून एकतर आधीच जरा जास्त घ्यायची किंवा ज्या मॉडेलला फारसा हात लागत नाही त्याच्यावर वार्निश न मारता तशीच सोडायची.

गंजाचा रंग नारिंगी नाही. नारिंगी म्हणजे ताजा गंज, कालपरवा ओरखडा पडलाय तिथला. जुना गंज गडद तपकिरी, जवळपास चॉकलेटी-जांभळट असतो. वीस वर्षं जुन्या वाघिणीवर गडद गंज भरपूर आणि नारिंगीचे दोन-चार ठिपके, एवढंच. रंगाचे पोपडे निघालेले दाखवायचे असतील तर मिठाची युक्ती छान आहे, आधी गंजाचा रंग, वार्निश, मग पृष्ठभाग ओला करून हवं तिथे मीठ टाकायचं, वाळू द्यायचं, वर वाघिणीचा रंग फवारायचा आणि वाळला की मीठ घासून काढायचं. कडा इतक्या नैसर्गिक येतात की ब्रशनं तशा काढता येत नाहीत.

एका गाडीतल्या सगळ्या वाघिणी एकाच दिवशी, एकाच बाटलीनं वेदर करू नका, अगदी कळकळीनं सांगतो. खऱ्या रेकमधे एक वाघीण परवा रंगवून आलेली, तीन मळकट, एक पार गंजलेली, एकीच्या फळ्या बदललेल्या आणि नव्या फळ्यांना रंगच नाही, असं असतं. म्हणून मी नंबर आणि तारीख वाघिणींना पण लावतो. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करतो, त्यावर नंबर, शेवटची रंगवल्याची तारीख (फ्रेमवर लिहिलेली असते बऱ्याच रेल्वेत, डिकलमधे पण मिळते), काय माल वाहते, आणि खाली कुठले रंग कुठल्या प्रमाणात घेतले ते. त्या कार्डामुळे दोन वर्षांनी दुरुस्ती निघाली तरी रंग जुळतो. लोडचं पण तसंच, कोळसा दाखवायचा तर खरा कोळसा कुटून चाळून घ्या, काळा रंग मारलेल्या प्लॅस्टिकच्या ढिगापेक्षा शंभर पटीनं खरा दिसतो कारण त्याच्या कडांवर उजेड तुटतो.

इमारतींवर फार लिहीत नाही, तिथेही नियम तोच, फक्त एवढं बघा की इमारत आणि गाडी यांच्यावर एकाच रेल्वेची, एकाच हवेची धूळ आहे. मी अंडरफ्रेमला वापरतो तोच धुळीचा रंग फलाटाच्या कडेला आणि गोदामाच्या भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्याला पण देतो, सगळं एकत्र बांधलं जातं.

थ्रीडी प्रिंटिंगनं आता आपल्या नंबराचे नेमके भाग करता येतात, ०.०५ मिलिमीटरच्या थरांचे, धुरांडं, व्हेंटिलेटर, टूलबॉक्स असले भाग झकास येतात. कच्च्या रेझिनला हातमोजे घालूनच हात लावा, अल्कोहोलमधे धुवा, यूव्हीखाली पक्कं करा, आणि पातळ दांड्या मात्र त्याच्या करू नका, ठिसूळ असतात, तिथे तारच हवी.

सध्या माझ्या टेबलावर मालगाडीच्या मागची ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) आहे. नंबर ठरलाय, साल ठरलंय, हँडरेल कापून झालेत, भोकंही पाडलीत, पण आतल्या शेगडीचं धुरांडं छताच्या मधोमध का एका बाजूला हे जो फोटो आहे त्यात वाफेनं झाकलं गेलंय. त्याच वर्षाचा दुसऱ्या बाजूनं काढलेला एखादा फोटो मिळेपर्यंत छताला भोक पाडणार नाही, तोवर अंडरफ्रेमचे ब्रेकचे दांडे करायला घेतो.